मोटर अडली की जळते का? फॅरेडे, खोपोली आणि आमची विहीर

आजचा भाग तुमच्यापैकी बरेच जण इयरफोन लावून ऐकत असतील आणि काही जण इथे वाचत असतील. ऐकणाऱ्यांना आधी एक गंमत सांगतो. तुमच्या कानात आत्ता एक छोटीशी मोटर चालू आहे.

बहुतेक इयरफोनमध्ये एक चुंबक असतं, त्याच्याजवळ बारीक तारेचं वेटोळं असतं आणि त्या वेटोळ्याला चिकटलेला एक पातळ पडदा असतो. तारेतून करंट गेला की वेटोळं पुढेमागे हलतं, पडदा हलतो, हवा हलते आणि तुम्हाला माझा आवाज ऐकू येतो. आता मी ज्या माइकसमोर बसलोय, त्याच्या आतही नेमक्या याच तीन गोष्टी आहेत. चुंबक, वेटोळं, पडदा. फक्त काम उलटं. माझ्या आवाजाने पडदा हलतो, वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि तारेत करंट तयार होतो. म्हणजे माझ्याकडे जनरेटर आणि तुमच्याकडे मोटर. विश्वास बसत नसेल तर जुना वायरवाला इयरफोन कॉम्प्युटरच्या माइकच्या सॉकेटमध्ये घाला आणि त्यात जोरात बोला. बारीक का होईना, आवाज रेकॉर्ड होतो.

मोटर आणि जनरेटर ही दोन वेगळी यंत्रं नाहीत, एकच आहे. ही साधी वाटणारी गोष्ट जगाच्या कामी यायला किती वर्षं लागली आणि तिची किंमत कुणी कुणी मोजली, ते आज बोलू.

जळक्या वार्निशचा वास

मला हा विषय पहिल्यांदा भेटला तो विहिरीवर.

मी आठवीत होतो. जानेवारीची रात्र होती, गहू पोटरीत आलेला, आणि त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, दारं धरायला गेले होते आणि मी बॅटरी घेऊन त्यांच्या मागे. व्होल्टेज कमी होतं. मोटरचा नेहमीचा आवाज येईना, ती नुसतीच घुं घुं करत होती. पाणी काही वर येईना. अण्णा स्टार्टरकडे धावले, पण त्यांनी बटण दाबेपर्यंत विहिरीवर जळक्या वार्निशचा वास पसरला होता.

सकाळी मोटर टेम्पोत टाकून तालुक्याला रिवायंडिंगच्या दुकानात नेली. मिस्त्रींनी मोटर खोलली, काळी पडलेली कॉइल दाखवली आणि म्हणाले, "फिरत होती तोवर हिला काही झालं नसतं. अडली, म्हणून जळली."

मला हे उलटंच वाटलं. जास्त पळणारा माणूस दमतो, मग थांबलेली मोटर कशी जळेल? मी मिस्त्रीकाकांना तसं विचारलंही. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "फिरणारी मोटर करंटला अडवती, बाळा. ती थांबली की अडवायला कोण नाय."

दुरुस्तीला चार दिवस लागले, गव्हाची पाण्याची एक पाळी चुकली. काकांच्या त्या वाक्याचा अर्थ मात्र मला कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. तो समजून घ्यायचा तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

हललेली सुई

१८२०. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान देत होते. टेबलावर बॅटरीला जोडलेली तार होती आणि शेजारी होकायंत्र. तारेतून करंट सोडला आणि होकायंत्राची सुई हलली. करंट बंद केला, सुई परत उत्तरेकडे.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण तोपर्यंत वीज आणि चुंबक या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात होत्या. ओर्स्टेडनी जुलैमध्ये चार पानांचा लॅटिन लेख छापून युरोपभर पाठवला, आणि जिथे जिथे बॅटरी होती तिथे लोकांनी तो प्रयोग करून पाहिला. सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट ही होती की सुई तारेकडे ओढली जात नव्हती, तिच्यापासून दूरही ढकलली जात नव्हती. ती तारेला आडवी वळत होती. जणू तारेभोवती काहीतरी गोल गोल फिरतंय.

हे "गोल गोल" ज्याने सगळ्यात गंभीरपणे घेतलं तो लंडनमधला एक तरुण. मायकेल फॅरेडे. लोहाराचा मुलगा. शाळा नावापुरती. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचत बसला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने टिपणं काढली, त्यांचं स्वतःच्या हाताने सुबक पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. १८१३ मध्ये डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून घेतलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर पोर्टफोलिओ पाठवून नोकरी मिळवली.

पहिली मोटर, पहिला आरोप

सप्टेंबर १८२१. फॅरेडेने एका पेल्यात पारा घेतला आणि मधोमध एक चुंबक उभं केलं. वरून एक तार अशी टांगली की तिचं खालचं टोक पाऱ्यात बुडेल. पारा का, तर त्यातून वीज जाते आणि तार मोकळेपणाने हलूही शकते. मग त्याने बॅटरी जोडली.

तार चुंबकाभोवती फिरायला लागली. बॅटरी जोडलेली आहे तोवर फिरतच राहिली.

ही जगातली पहिली विद्युत मोटर. तिने काहीही ओढलं नाही, उचललं नाही. पण विजेतून सतत फिरती गती मिळते हे पहिल्यांदा दिसलं.

फॅरेडेने घाईघाईने लेख छापला आणि तिथेच तो अडकला. विल्यम वोलॅस्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ याच विषयावर विचार करत होते आणि डेव्हींशी बोललेही होते. त्यांची कल्पना वेगळी होती, तार स्वतःभोवती फिरेल अशी. पण फॅरेडेने लेखात त्यांचं नावच घेतलं नाही. लंडनमध्ये कुजबुज सुरू झाली की पोराने कल्पना चोरली. लोहाराच्या मुलाला अशा वर्तुळात अब्रूशिवाय दुसरं भांडवल नसतं. पुढे रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्याचं नाव आलं तेव्हा विरोध केला तो खुद्द डेव्हींनी, ज्यांनी त्याला नोकरी दिली होती. १८२४ मध्ये तो निवडून आला खरा, पण गुरुशिष्याच्या नात्यात पडलेली भेग राहिली.

दुसऱ्या खोलीतली सुई

आता उलटा प्रश्न. विजेतून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकातून वीज मिळेल का?

सगळ्यांनी एकाच पद्धतीने शोधलं. तारेचं वेटोळं घ्यायचं, त्याजवळ मोठं चुंबक ठेवायचं आणि करंट येतोय का ते बघायचं. काही येईना. आणखी मोठं चुंबक घेतलं, तरी येईना. फॅरेडेनेही १८२५ मध्ये प्रयत्न केले, हाती काही लागलं नाही.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हात, जॉं-डॅनिएल कोलॅडॉं नावाचा तरुण हाच प्रयोग करत होता. तो फार काळजी घेणारा होता. करंट मोजणाऱ्या सुईवर मोठ्या चुंबकाचा परिणाम होऊ नये म्हणून त्याने ती सुई लांब तारा जोडून दुसऱ्या खोलीत ठेवली. तो वेटोळ्यात चुंबक सरकवायचा, उठायचा, दुसऱ्या खोलीत जायचा आणि सुईकडे बघायचा. सुई शून्यावर.

बिचारा! चुंबक आत सरकताना सुई हलत होती. तो दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत परत जागेवर येत होती. त्याला एक मदतनीस असता तर कदाचित आज आपण फॅरेडेच्या जागी कोलॅडॉंचं नाव घेतलं असतं.

२९ ऑगस्ट १८३१. फॅरेडेने लोखंडाची एक जाड कडी घेतली. तिच्या एका बाजूला तारेचं एक वेटोळं गुंडाळलं, दुसऱ्या बाजूला दुसरं. पहिलं बॅटरीला, दुसरं सुईला. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई उडाली आणि परत शून्यावर आली. बॅटरी तोडली, सुई पुन्हा उडाली, या वेळी उलट्या दिशेने. मधल्या काळात करंट व्यवस्थित वाहत होता, तेव्हा मात्र काहीच नाही.

गुपित इथे होतं. नुसतं चुंबकत्व असून चालत नाही, ते बदललं पाहिजे. ऑक्टोबरमध्ये त्याने वेटोळ्यात साधं चुंबक आतबाहेर केलं आणि तेवढ्याने करंट मिळाला. त्याच महिन्याच्या शेवटी एका प्रचंड चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि सलग करंट मिळाला. ही चकती म्हणजे पहिला जनरेटर. आणि ती लोखंडी कडी? तुमच्या गावच्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतो.

पहिली मोटर १८२१, पहिला जनरेटर १८३१. माणूस तोच.

आता या दोन्हींच्या आत काय चालतं ते एका दमात सांगतो. तारेत विजेचे बारीक कण असतात. चुंबकाजवळ हे कण चालायला लागले की त्यांना आडवा धक्का बसतो. मोटरमध्ये आपण कणांना तारेच्या लांबीने पळवतो, त्यांना आडवा धक्का बसतो आणि त्यांच्यासकट तार बाजूला सरकते. जनरेटरमध्ये आपण अख्खी तारच आडवी हलवतो, मग आतल्या कणांना बसणारा धक्का तारेच्या लांबीने लागतो, आणि कण पळू लागतात. तोच करंट. धक्का दोन्हीकडे एकच आहे, सुरुवात कुठून केली एवढाच फरक.

जस्त, कोळसा आणि दिवाळखोरी

मग मोटरी लगेच जगभर पसरल्या असतील ना? नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात थॉमस डॅव्हनपोर्ट नावाचा एक लोहार होता. त्याने विद्युतचुंबक पाहिलं आणि तो वेडावला. स्वतः शिकून त्याने मोटर बनवली आणि १८३७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. मोटर चालत होती, छोटी यंत्रं फिरवत होती. पण वीज आणायची कुठून? बॅटरीतून. त्या बॅटरीत जस्त खर्च व्हायचं, आणि जस्तापेक्षा वाफेच्या इंजिनातला कोळसा कितीतरी स्वस्त होता. डॅव्हनपोर्टचं दिवाळं निघालं. १८५१ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या मोटरीला गिऱ्हाईक नव्हतं.

आणि आता दैवदुर्विलास बघा. पॅरिसमध्ये हिपोलित पिक्सी यांनी १८३२ मध्येच हाताने फिरवायचा जनरेटर बनवला होता. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये एमिल लेन्झ यांनी १८३० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की हे यंत्र दोन्ही दिशांनी चालतं. पण व्यवहारात मोटरवाले बॅटरीला चिकटून राहिले आणि जनरेटरवाले मुलामा देण्यात नि दीपगृहात दिवे लावण्यात गुंतले. दोघांची गाठ पडायला कित्येक वर्षं गेली.

ती पडली १८७३ मध्ये, व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात. झेनोब ग्राम हे मूळचे बेल्जियमचे, पेशाने सुतार. त्यांनी पॅरिसमध्ये उत्तम जनरेटर बनवला होता, आणि त्यांचे भागीदार इपोलित फॉंतेन ही यंत्रं व्हिएन्नाला घेऊन आले होते. गोष्ट अशी सांगितली जाते की एका कामगाराने चालू जनरेटरच्या तारा चुकून दुसऱ्या, बंद जनरेटरला जोडल्या आणि तो बंद जनरेटर आपोआप फिरायला लागला. चूक होती की ठरवून केलं यावर वाद आहे. पण प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ते असं: एका टोकाला इंजिन जनरेटर फिरवतंय, मध्ये सुमारे एक किलोमीटर तार, आणि दुसऱ्या टोकाला तसंच यंत्र मोटर होऊन पंप चालवतंय.

म्हणजे ताकद इथे तयार करायची आणि तिथे वापरायची. कोळसा तिथपर्यंत वाहून न्यायला नको.

लोणावळ्याचा पाऊस, मुंबईच्या गिरण्या

व्हिएन्नाची हीच मांडणी पुढे आपल्या घाटावर आली, फक्त आकाराने अवाढव्य होऊन. मुंबईच्या कापड गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालायच्या. टाटांच्या कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पावसाचं पाणी साठवलं आणि नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली, खोपोलीला सोडलं. १९१५ मध्ये खोपोलीचे जनरेटर सुरू झाले, आणि साधारण ७० किलोमीटरवर मुंबईत गिरण्यांच्या मोटरी त्या विजेवर फिरू लागल्या.

विजेची भूक वाढत गेली. पुढची योजना होती मुळशीची. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायचं आणि पाणी खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडायचं. पण त्या खोऱ्यात मावळ्यांची डझनावारी गावं होती आणि उत्तम भाताची खाचरं होती.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. बायका, पोरं, म्हातारे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे पुढे होते, पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना "सेनापती" हे नाव मिळालं ते याच लढ्यात. त्यांनी पुन्हा पुन्हा तुरुंगवास सोसला. पण खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींवर सावकारांचा ताबा होता, आणि सावकार नुकसानभरपाई घ्यायला तयार झाले. कसणाऱ्याच्या हातात फार थोडं पडलं. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

हे मी इथे का सांगतोय? लेन्झचं नाव आपण घेतलं ना, त्यांचा एक नियम आहे. जनरेटरमधून करंट घ्यायला लागलात की तो करंट तुमच्या फिरवण्यालाच विरोध करतो. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. दिवा लागला की पायडल जड व्हायचं. जितकी वीज घ्याल तितका जोर पलीकडून कुणीतरी लावलाच पाहिजे. तो पाण्याने लावला, कोळशाने लावला किंवा वाऱ्याने लावला, फुकट कुणीच लावत नाही. बटण दाबणाऱ्याला पायडल दिसत नाही एवढंच. मुळशीच्या माणसांना ते दिसलं होतं.

मिस्त्रीकाकांचं वाक्य

आता परत आमच्या विहिरीवर येऊ.

मोटर फिरते म्हणजे तारा चुंबकत्वात फिरतात. आणि चुंबकत्वात तार फिरली की करंट तयार होतो, हे फॅरेडेने दाखवलं. म्हणजे फिरणारी प्रत्येक मोटर त्याच वेळी जनरेटरही असते! ती आतून स्वतःचा दाब तयार करते आणि तो बाहेरून येणाऱ्या विजेच्या उलट असतो. त्यामुळे तिच्यात गरजेपुरताच करंट शिरतो. मिस्त्रीकाका म्हणाले होते, फिरणारी मोटर करंटला अडवते. तंतोतंत हेच.

त्या रात्री व्होल्टेज कमी होतं, म्हणून मोटरचा जोर कमी पडला. पाण्याचं ओझं पेलेना, ती मंदावली, अडली. उलटा दाब संपला आणि करंट मोकाट आत शिरला. मोटरींचे प्रकार वेगवेगळे, तपशील बदलतो, पण विहिरीवरची मोटर अडली की नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. आणि करंट पाचपट झाला की तारेतली उष्णता पंचवीस पट होते. वार्निश जळणार नाही तर काय होणार? मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यावर येतो तो वासही याचाच. त्यामुळे मोटर, मिक्सर, पंखा, काहीही नुसतं घुं घुं करायला लागलं तर आधी बटण बंद करा, कारण नंतर शोधा.

हाच गुण कामालाही येतो. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना मोटरींना जनरेटर बनवतात. गाडीचा वेग विजेत बदलतो, ती वीज वरच्या तारेत परत जाते आणि शेजारून सुटणारी दुसरी लोकल ती वापरते. पुढच्या वेळी दादरला गाडी हळू होताना ती बारीक होत जाणारी घूं ऐकू आली, तर समजा की व्हिएन्नाचा प्रयोग तुमच्या पायाखाली चालू आहे.

घरी करून बघायचं असेल तर खेळण्यातली गिअरवाली छोटी मोटर घ्या. तिचा दांडा बोटांनी फिरवून बघा. मग तिच्या दोन वायरी एकमेकींना जोडा आणि पुन्हा फिरवा. दांडा जड लागेल. बॅटरी नाही, काही नाही, तरी आतून कुणीतरी अडवतंय असं वाटेल.

मी ते पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा अण्णांनाही करायला लावलं. त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं, वायरी सोडल्या, परत जोडल्या, परत फिरवलं. म्हणाले, "मिस्त्री बरोबर बोलला होता की रे."

पुढच्या भागात याच डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगतो. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.